हातावर बसला तो ससाणा नव्हे

इंग्लंडात ऑक्टोबरच्या अखेरीस शाळांना आठवडाभर सुट्टी लागते आणि इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दरवर्षी शिकारी पक्ष्यांच्या केंद्रातला तोच फोटो येतो. मागे तांबूस पानांचं बीचचं झाड, पुढे चामडी हातमोजा घातलेलं मूल, हातमोज्यावर गडद तपकिरी पक्षी आणि खाली ओळ: ‘आज ससाण्याला हातावर घेतलं!’

तो बहुतेक वेळा ससाणा नसतोच, हॅरिस हॉक असतो. मूळचा अमेरिका खंडातला, आणि कुळ आपल्या शिक्र्याचं, घारीचं, गरुडाचं.

घार तुम्ही रोज पाहिलेली आहे, घुबडाबाबत कुणी फसत नाही आणि गिधाडाची मान पाहिली की प्रश्न मिटतो, म्हणून ते सगळं सोडून देतो. रंगावरून तर ओळखायला जाऊच नका. हॉक असो वा ससाणा, दोन्हीकडची पिल्लं पहिल्या वर्षी तपकिरी आणि रेघारेघांचीच असतात. खरी चूक होते ती हॉक आणि ससाणा यांच्यात, आणि तीही डोळ्यांमुळे.

आपल्याकडच्या जुन्या बाजदारांनी, म्हणजे शिकारीसाठी पक्षी पाळणाऱ्यांनी, शिकारी पक्ष्यांची विभागणी फारसी शब्दांत केली होती: गुलाब-चश्म म्हणजे पिवळ्या डोळ्यांचे आणि सियाह-चश्म म्हणजे काळ्या डोळ्यांचे. बाज आणि शिक्रा पहिल्यात. बहिरी, शाहीन, लग्गड हे ससाणे दुसऱ्यात. त्यांच्या हातांवर जे पक्षी होते, त्यांना हा नियम चपखल बसतो. तोच नियम आज ‘काळा डोळा म्हणजे ससाणा’ असा तोंडोतोंडी फिरतो, आणि नेमका हॅरिस हॉकपाशी मोडतो. हॉक असूनही त्याचे डोळे गडद तपकिरी असतात. त्या बाजदारांनी हा पक्षी कधी पाहिलाच नव्हता. आपण मात्र पाहतो तो प्रामुख्याने हाच.

म्हणून डोळे सोडा आणि पंख बघा. पक्षी बसलेला असताना मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या कुठवर पोचतात? बहिरी ससाण्याची जवळजवळ शेपटीच्या टोकाला टेकतात. हॅरिस हॉकची बरीच अलीकडे थांबतात आणि खाली लांब, पांढऱ्या टोकाची शेपटी उरते. उडताना ससाण्याचा पंख विळ्यासारखा निमुळता दिसतो, हॉकचा रुंद आणि टोकाला बोटं फाकल्यासारखा. ही खूण पाहायला शरद ऋतूच उत्तम, कारण उन्हाळ्यात पिसं झडत असताना अर्धवट वाढलेला पंख फसवतो. ऑक्टोबरपर्यंत नवी पिसं पूर्ण भरलेली असतात.

पंखांचा हा फरक जगण्यातून आला आहे. हॉक फांदीवर दबा धरतो, झाडांमधून थोडक्या अंतराची झेप घेतो आणि पंजांनी आवळून मारतो. आखूड, रुंद पंख आणि लांब शेपूट तिथे वळायला कामी येतात. फांदीवरून हातमोज्यावर येणं हे त्याच्या रोजच्या झेपेसारखंच, म्हणून पाहुण्यांच्या हातावर तो सुखाने उतरतो. ससाण्याला मोकळं आकाश लागतं. बहिरी उंचावरून सूर मारतो तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, आणि पकडलेल्या पाखराची मान तो चोचीच्या कडेवरच्या दातासारख्या टोकाने मोडतो. म्हणून त्याला उडवताना प्रशिक्षक दोरीला बांधलेलं आमिष गरागरा फिरवतात. इंग्लंडातल्या अँडोव्हरजवळच्या हॉक कॉन्झर्व्हन्सीत किंवा न्यूएंटच्या शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात जाल तर त्या उड्डाणाची वेळ आधी विचारून घ्या. हातमोज्याच्या फोटोपेक्षा मला ती दहा मिनिटं कितीतरी मोलाची वाटतात.

दोघांची वाकडी चोच पाहून ते चुलतभाऊ वाटतात. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांच्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ससाणे हॉकपेक्षा पोपटांना आणि चिमण्यांच्या गणाला जवळचे निघाले. माझ्या भाचीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ त्या बहिरीच्या चेहऱ्यात पोपट शोधत उभी होती.

आणि ‘बहिरी’ म्हणजे ऐकू न येणारा नव्हे! मुलांना असं सांगणारे आईवडील मी प्रत्यक्ष ऐकले आहेत. तो शब्द फारसीतल्या ‘बहरी’वरून आला. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करणारा शाहीन हा याच बहिरीचा भाऊबंद. म्हणजे खरा ससाणा पाहायला आपल्याला इंग्लंड गाठायचीही गरज नव्हती.

केंद्रात पंख नीट दिसले नाहीत तर पक्षी कशावर बसवलाय ते पाहा. ससाण्याला सपाट माथ्याचा लाकडी ठोकळा देतात, कड्याच्या कपारीसारखा. हॉकला कमानीसारखा वाकवलेला दांडा देतात, फांदीसारखा. फोटोखालची ओळ त्यानंतर लिहा.