मांड्या आंबतात, पण लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे

रविवारी सिंहगड चढून-उतरून आलं की मंगळवारी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. मग कुणीतरी हमखास सांगतं, 'लॅक्टिक ॲसिड साठलंय, लिंबूपाणी घे.' लिंबूपाणी घ्या, गडावर तर घ्याच. पण ते ॲसिड, म्हणजे शरीरातलं लॅक्टेट, तासा-दोन तासांतच ओसरलेलं असतं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांनी ऐन भरात येतं.

खरा घोळ उतारावर होतो. स्नायूच्या तंतूंत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात, म्हणून स्नायू आकसतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू अंगाचं वजन तोलायला आकसू पाहतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. त्यात काही धाग्यांची वीण उसवते, बारीक सूज येते. चार-पाच दिवसांत ही झीज भरून निघते. पुढच्या रविवारी तोच उतार कमी छळतो.