‘हॅश जुळत नाही’ म्हणून परत येण्याआधी

सीसीटीव्हीची क्लिप किंवा फोनमधलं रेकॉर्डिंग न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, लिहावा लागतो. म्हणून क्लिप उतरवून देताना आम्ही प्रत्येक पेनड्राइव्हसोबत एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ६४ अक्षरांचा हॅश छापून देतो.

तरी ‘तुमचा हॅश चुकलाय’ अशी तक्रार येत राहते. बहुतेक वेळा घडतं ते असं: पेनड्राइव्हमधली क्लिप ग्राहक व्हॉट्सॲपवर वकिलांना पाठवतात आणि वकील त्या उतरवलेल्या क्लिपचा हॅश काढतात. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं. पडद्यावर माणसं तीच दिसतात, पण फाइल दुसरी झालेली असते, आणि एक बिट जरी बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. कृपया पेनड्राइव्हच द्या. अगदीच पाठवायची वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइलचं नाव बदललं तर हरकत नाही. वर्डची फाइल उघडून सेव्ह मात्र करू नका.

मजकुराचा हॅश काढताना शेवटी राहिलेली एक रिकामी ओळही नडते. मराठीत तर संगणकावर ‘ऱ’ एका संकेतानेही लिहिला जातो आणि ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, हॅश वेगळे.

प्रमाणपत्राच्या नमुन्यात एमडी-५ आणि एसएचए-१ या हॅश काढायच्या जुन्या पद्धतींचेही पर्याय आहेत, मग एसएचए-२५६ चाच आग्रह का? एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली एमडी-५ साठी २००४ मध्ये आणि एसएचए-१ साठी २०१७ मध्ये करून दाखवल्या गेल्या आहेत. वकिलांनी मागितलं तर ते हॅशही सोबत छापून देतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या क्लिपचाही हॅश काढून देतो, पण कागदावर तसं स्पष्ट लिहितो. काहींना ते आवडत नाही. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही एवढंच त्यावरून कळतं, आधी काय झालं ते नाही.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ (Get-FileHash) ही आज्ञा लिहून पुढे फाइलचा पत्ता दिला की घरीही पडताळता येतं. आमच्याकडे आणलंत तर पडताळणीचे पैसे घेत नाही.

डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढवत जातो, म्हणून घटना घडली त्याच दिवशी फोन करा. आम्ही जागेवर येऊन तुमच्यासमोर क्लिप उतरवतो आणि तिथेच हॅश काढतो. दोन पेनड्राइव्ह मिळतात. सीलबंद पाकिटातला न्यायालयासाठी असतो, तो फोडू नका. बघायला दुसरा आहे.