बॉम्ब लागला की स्वतःच पळायचं

'हल्लीच्या पोरांना कशाची उमेदच नाही, दिवसभर गेम खेळत बसतात.' हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, लोकलमध्ये ऐकलंय, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्येही ऐकलंय. त्याचे दोन तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे मला दर वेळी खटकतं. ज्याला उमेदच नाही, तो रात्री साडेअकराला सातव्यांदा हरल्यावर आठवा डाव कशाला मांडेल? पगार नाही, मार्क नाहीत, मागे लागणारं कोणी नाही. तरी तो मांडतो. का मांडतो, याचा अभ्यास मानसशास्त्रात गेली पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे आणि बरंच काही हाती लागलं आहे.

आधी एक रात्र सांगते. डिसेंबर २०१९. माझा भाचा म्युनिकला शिकत होता आणि मी त्याच्याकडे राहायला गेले होते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २००४ सालचा ऑनलाइन खेळ. त्याचं जुनं रूप 'क्लासिक' या नावाने ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालं होतं आणि भाचा त्यात बुडाला होता. या खेळात 'मोल्टन कोअर' नावाची लाव्हाने भरलेली गुहा आहे. तिथे ४० जणांनी मिळून उतरायचं आणि आतले दहा बॉस, म्हणजे मोठे शत्रू, एकेक करून पाडायचे. याला 'रेड' म्हणतात. पुढे उभे राहून मार खाणारे ते टँक, जखमा भरणारे ते हीलर, बाकीचे घाव घालणारे. हे ४० जण ज्या गटाचे, तो गिल्ड. गिल्ड म्हणजे आपलं मंडळच म्हणा. वर्गणी नसते, पण हजेरी असते आणि रुसवेफुगवेही असतात. आमचा बावीस वर्षांचा भाचा, ज्याला घरी स्वतःचा चहाचा कप विसळायला तीनदा सांगावं लागतं, तो या ४० जणांचा रेड लीडर होता.

त्या रात्री बॅरन गेडन नावाचा बॉस पडत नव्हता. हा गेडन मधेच कोणावर तरी 'लिव्हिंग बॉम्ब' टाकतो. ज्याच्यावर पडला, त्याच्या हातात आठ सेकंद. तेवढ्यात त्याने बाकीच्यांपासून लांब पळायचं. नाही पळाला, तर फुटताना आजूबाजूच्या सगळ्यांना भाजून काढतो. इथे लीडरचा काही उपयोग नसतो. त्याने बघायचं, नाव पुकारायचं, समोरच्याने ऐकायचं, यात निम्मी सेकंदं जातात. पळायचं ते ज्याचं त्यानेच.

एक जण पळाला नाही. पाठोपाठ हीलर गेले आणि सगळे आडवे. याला 'वाइप' म्हणतात. आता हा पोरगा ओरडणार, असं मला वाटलं. त्याने हेडफोन सारखा केला आणि शांतपणे विचारलं, 'बॉम्ब दिसलाच नाही, की उशिरा दिसला?' उशिरा दिसला होता, त्या माणसाच्या स्क्रीनवर इतर गोष्टींची फार गर्दी होती. दुसऱ्या कोणीतरी इशारा मोठा कसा दिसेल ते सांगितलं. मग भाचा म्हणाला, 'पळायची जागा ज्याची त्याने आत्ताच ठरवा. मी ठरवणार नाही, मला फक्त कळवा.' हॅम्बुर्गची एक नर्स मुलगी हीलर होती, तिने लगेच सगळ्यांच्या जागा टाकून गुहेचा नकाशाच बनवला. चौथ्या प्रयत्नात गेडन पडला.

'जागा ज्याची त्याने ठरवा' हे वाक्य ऐकून मी खुर्चीत सावरून बसले. मेंदूच्या प्रयोगशाळेत जे दिसलं होतं, ते हा मुलगा नकळत करत होता.

सुरुवात १९७१ सालच्या एका प्रयोगापासून करू. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना 'सोमा' नावाचे ठोकळ्यांचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला, दुसऱ्या गटाला काहीच नाही. खरी मोजणी भलतीकडेच होती. प्रयोग घेणारा आठ मिनिटांसाठी खोलीबाहेर जाई. टेबलावर मासिकंही ठेवलेली असत. त्या मोकळ्या वेळात कोण आपणहून ठोकळ्यांना हात लावतं? पैसे बंद झाल्यावर पैसेवाल्या गटाची ओढ कमी झाली. ज्यांना कधीच पैसे नव्हते, त्यांची तशी घटली नाही. प्रयोग छोटा होता, आकडेही निसटते होते. पण १९९९ मध्ये डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी अशा १२८ अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हाही तेच निघालं. आधी कबूल केलेलं ठोस बक्षीस आतली ओढ मारतं. 'छान जमलं' अशी खरी दाद ती वाढवते.

हे डोक्यात कुठे घडतं? इथे माझा सर्वात लाडका प्रयोग येतो, २०१० चा, कोऊ मुरायामा आणि सहकाऱ्यांचा. खेळ अगदी साधा. स्टॉपवॉच चालू होतं, बटण दाबून ते बरोबर पाच सेकंदांवर थांबवायचं. पाच सेकंदांच्या अलीकडे-पलीकडे सेकंदाचा विसावा भाग, एवढीच सूट. करून बघा, सोडवत नाही. एका गटाला प्रत्येक यशाला पैसे मिळतील असं सांगितलं, दुसऱ्याला यशामागे पैसे मिळतील असं काही सांगितलं नाही. पहिल्या सत्रात दोन्ही गटांच्या मेंदूत, यश मिळताच, स्ट्रायटम नावाचा खोलवरचा भाग उजळला. बिनपैशांच्या गटातही उजळला, हे विसरू नका. जमलं, एवढ्यानेच. दुसऱ्या सत्रात कोणालाच पैसे नव्हते. ज्यांना आधी पैसे मिळाले होते, त्यांच्या स्ट्रायटमची हालचाल जवळजवळ विझली. दुसऱ्या गटाची चालू राहिली. मधल्या सुट्टीत आपणहून घड्याळाशी खेळत बसणारेही तेच जास्त होते. जणू मेंदूने हिशोबाची वही बदलली होती. 'जमलं' या नोंदीच्या जागी 'मिळालं' लिहायला लागला, आणि मिळायचं बंद झालं तेव्हा पान कोरं.

२०१५ मध्ये याच मुरायामांच्या गटाने घड्याळाचा खेळ पुन्हा घेतला आणि एक छोटी गोष्ट बदलली. काही वेळा घड्याळाचं डिझाइन खेळणाऱ्याने निवडायचं, काही वेळा संगणकाने. डिझाइनचा खेळाशी काडीचा संबंध नाही, काटा तेवढाच पळतो. तरीही स्वतः निवडलेल्या घड्याळावर लोकांची कामगिरी चांगली झाली. आणि मेंदूत काय दिसलं? कपाळामागे, मध्यभागी खालच्या बाजूला मेंदूचा एक भाग आहे, व्हेंट्रोमीडिअल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. एखादी गोष्ट आपल्याला किती मोलाची, याचा अंदाज तिथे बांधला जातो. लादलेल्या घड्याळावर चुकल्यावर या भागाची हालचाल खाली जायची. स्वतः निवडलेल्या घड्याळावर चुकल्यावर ती खाली गेलीच नाही. चूक तीच, पण आपल्या निवडीतली चूक मेंदूने तोटा म्हणून खर्ची टाकली नाही, पुढच्या वेळेसाठीची माहिती म्हणून ठेवली. माझ्या मते सातव्यांदा हरल्यावरच्या आठव्या डावाचं गुपित इथेच आहे. स्कॅनरमध्ये मोजतात तो रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल, 'प्रेरणा' नावाचा पदार्थ तिथे सापडत नाही, एवढं भान मात्र ठेवायला हवं.

यावरून आठवलं. सध्या 'डोपामाइन डिटॉक्स'च्या, म्हणजे मोबाइल-गेम बंद ठेवून मेंदूतलं डोपामाइन हे रसायन 'साफ' करायला सांगणाऱ्या रील्सचा सुळसुळाट आहे. एक दिवस मोबाइल बाजूला ठेवलात तर चांगलंच आहे, जरूर ठेवा. पण डोपामाइन हे बाहेरून साचलेलं विष नाही, ते मेंदू स्वतः बनवतो आणि हातपाय नीट हलायलाही ते लागतं. ते बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर दाखवलं, की या पेशी सुखाची घंटा वाजवत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतली तफावत सांगतात. अनपेक्षित रस मिळाला की पेटतात, अपेक्षित रस आला नाही की मंदावतात. आणि 'नेतृत्व कुंडलीतच असतं' म्हणत पोरांचे ग्रह दाखवत फिरणाऱ्या आईबापांना काय सांगावं? रेड लीडर कसा घडतो, हे ग्रहांना ठाऊक नाही.

तो घडतो लुटीच्या वाटपात. बॉस पडला की ४० जणांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वस्तू मिळतात आणि त्या गुहेत पुन्हा लूट मिळवायची तर आठवडाभर थांबायचं. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात का यावं? यावर १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या खेळाडूंनी स्वतःच तोड काढली, ड्रॅगन किल पॉइंट्स, म्हणजेच डीकेपी. आलात, लढलात की गुण जमा, वस्तू घेतली की गुण वजा. वही सगळ्यांसमोर उघडी. कंपनीने ही पद्धत दिली नव्हती, लोकांनी बनवली. लीडरच्या वशिल्याचा संशय तिने मारला, हे तिचं मोठं काम. पण डेसींचा डॉलर आठवा. हाच आकडा 'तुझी मेहनत आमच्या लक्षात आहे' असं सांगतो तेव्हा ती माहिती असते. 'तीन दिवस आला नाहीस तर गुण कापू' म्हणतो तेव्हा ते दावं होतं, आणि माणूस खेळायला नव्हे, हजेरी लावायला येऊ लागतो. वही तीच, ती कशी वाचून दाखवायची हे लीडरच्या हातात.

खेळण्यातला आनंद आणि पुन्हा यायची इच्छा या दोन्हींचा संबंध, आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपली माणसं असणं या तीन गोष्टींशी असतो, हे रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी २००६ मध्ये दाखवलं. २००८ मध्ये बायरन रीव्हज, थॉमस मॅलोन आणि टोनी ओड्रिस्कॉल यांनी अशा खेळांमधलं नेतृत्व बघून लिहिलं, की इथे लीडरपद तात्पुरतं असतं. कामापुरतं येतं, काम बदललं की दुसऱ्याकडे जातं, आणि यात कोणाला कमीपणा वाटत नाही. योग्य माणूस शोधण्याइतकंच भोवतालचं वातावरण नीट जुळवणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे खुर्चीला चिकटलेली माणसं बघत मोठं झालेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

खेळाचं व्यसन खोटं आहे, असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ते आजारांच्या यादीत घेतलं आहे, आणि झोप, शिक्षण, घर सुटत असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स वेगळे काढले. स्टॉपवॉचचा प्रयोग माहीत असेल तर ही विभागणी मनाला पटते.

मार्च २०२० मध्ये भाच्याने अभ्यासासाठी रेड लीडरपद सोडलं. त्या हॅम्बुर्गच्या नर्सने ते घेतलं. भाचा आता तिच्या हाताखाली हीलर म्हणून जायचा, तोही दर आठवड्याला नाही. तिने पहिल्याच रात्री गेडनच्या दारात त्याला विचारलं, तुझी पळायची जागा कोणती ठेवतोयस?