मुरबाडच्या शेडमधला ‘अटॅक’

एप्रिलच्या दुपारी मुरबाड, शहापूर, नाही तर पनवेलच्या मागच्या एखाद्या गावातल्या पोल्ट्रीत गेलात तर एक शब्द हमखास कानावर येतो: अटॅक. ‘काल दुपारी पंचवीस गेले, अटॅकने.’ ‘दोन दिवसांवर गाडी होती, सव्वादोन किलोचा पक्षी, अटॅक आला.’ माझ्या मामाची मुरबाड तालुक्यात तीन हजार पक्ष्यांची शेड होती, त्यामुळे हा शब्द मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. पुढे पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं, मेलेले पक्षी स्वतः चिरून पाहायला लागलो आणि मामाच्या शब्दाबद्दलचा आदर वाढला. माणसाला येतो तसा हा झटका नसतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली सापडत नाही. पण उन्हाने मेलेल्या ब्रॉयलरमध्ये शेवटी हात टेकतं ते काळीजच. ते इतक्या लवकर का हात टेकतं हे समजायचं तर उन्हाच्या आधी या पक्ष्याचा इतिहास बघावा लागतो.

आजीच्या खुराड्यातली गावठी कोंबडी किलोभर भरायला पाच-सहा महिने घ्यायची. वैशाखात ती करवंदीच्या जाळीखाली माती उकरून, पंख सैल सोडून बसायची आणि ऊन कललं की उठायची. तिला सावली निवडता यायची, हे आज फार मोठं वाटतं.

केवळ मांसासाठी कोंबडी वाढवायची ही कल्पना तशी अलीकडची. बहुतेक ठिकाणी कोंबडी अंड्यांसाठी पाळत. जास्तीचे नर आणि अंडी थांबलेल्या माद्या तेवढ्या पातेल्यात जात. 1923 साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेसिल स्टील या बाईंनी 50 पिल्लं मागवली आणि चुकून 500 आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकली. तिथला ब्रॉयलरचा धंदा या चुकीपासून मोजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे ‘उद्याची कोंबडी’ नावाची देशव्यापी स्पर्धाच झाली. 1948 ची अंतिम फेरी डेलावेअरमध्ये भरली आणि कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या कॉर्निश जातीच्या संकराने ती जिंकली. 1951 मध्येही तेच जिंकले. परीक्षकांना हवी होती रुंद छाती, भरलेली तंगडी, वेगाने वाढ आणि कमी खाद्यात जास्त वजन. पुढची पाऊणशे वर्षं जगभरच्या पैदाशीने मुख्यतः हाच पाढा गिरवला.

त्याचं फळ किती मोठं होतं, हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2014 साली दाखवलं. 1957 सालचं वाण, 1978 सालचं वाण आणि 2005 सालचं ब्रॉयलर अशी तिन्ही पिल्लं त्यांनी एकाच खाद्यावर, एकाच पद्धतीने वाढवली. 56 व्या दिवशी वजनं भरली अनुक्रमे 905 ग्रॅम, 1,808 ग्रॅम आणि 4,202 ग्रॅम. कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात असं अजूनही दुकानाच्या रांगेत ठामपणे सांगितलं जातं. त्याला हे तीन आकडे पुरेसं उत्तर आहेत. सुई कुठेच नव्हती, फरक फक्त वाणाचा होता.

पण शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने धावले नाहीत. छातीचं मांस पुढे गेलं. काळीज आणि फुप्फुसं मागे राहिली. आजच्या ब्रॉयलरचं हृदय त्याच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का असतं. कलेजी-पेटा घेताना सोबत जो अंगठ्याच्या टोकाएवढा लालसर तुकडा येतो, तोच तो. दोन किलोच्या देहाला तो मिनिटाला 300 च्या आसपास ठोके देऊन रक्त पुरवत असतो, तेही बसल्या जागी.

ही तफावत पहिल्यांदा उन्हात उघडी पडली नाही, ती पडली डोंगरावर. बोलिव्हिया, पेरू, मेक्सिको अशा उंचावरच्या प्रदेशांत वेगाने वाढणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात पाणी भरू लागलं. विरळ हवेत प्राणवायू कमी, म्हणून हृदय जास्त रक्त फुप्फुसांकडे ढकलतं. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत नाही. ते बरगड्यांना चिकटलेलं, ताठ असतं आणि त्यातल्या केशवाहिन्या फारशा रुंदावत नाहीत. त्यामुळे तिथला दाब चढतो, हृदयाचा उजवा कप्पा आधी जाडावतो आणि मग ढिला पडतो. त्यात एक गोष्ट अशी की पक्ष्याच्या हृदयात उजव्या बाजूची झडप स्नायूची असते, कप्प्याच्या भिंतीचाच भाग असल्यासारखी. भिंत जाडावली की झडपही जाडावते आणि नीट मिटेनाशी होते. मग रक्त मागे तुंबतं, यकृत सुजतं आणि पोटात पिवळसर पाणी साचतं. कॅनडात ग्वेल्फच्या रिचर्ड ज्युलियन यांनी आणि अमेरिकेत अर्कान्सा विद्यापीठाच्या रॉबर्ट वाइडमन यांनी हे कोडं टप्प्याटप्प्याने सोडवलं. तोवर हा रोग डोंगर उतरून सपाटीवरही आला होता, कारण पक्ष्याची प्राणवायूची भूकच आता इतकी वाढली होती की त्याला डोंगराची गरज उरली नव्हती.

आपल्याकडे हा ‘पाणी भरण्याचा’ प्रकार डिसेंबर-जानेवारीत जास्त दिसतो. शहापूरच्या थंड रात्री अंग गरम ठेवायला पक्ष्याला जास्त प्राणवायू लागतो, आणि थंडीमुळे पडदे घट्ट लावले की आतली हवा कोंदते. म्हणजे थंडी काळजाला एका बाजूने गाठते आणि उन्हाळा दुसऱ्या. दोन्हींना लोक ‘अटॅक’ म्हणतात. उपाय मात्र अगदी उलटे आहेत, म्हणून फरक माहीत असणं गरजेचं.

हा पक्षी ठाण्यात आला त्याची कथा पुण्या-हैदराबादची आहे. 1971 साली बी. व्ही. राव यांनी हैदराबादला व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुण्यातून या उद्योगसमूहाचा पसारा वाढला आणि 1980 च्या दशकात व्हेनकॉब नावाच्या वाणाच्या रूपाने अमेरिकी वंशाचं ब्रॉयलर भारतीय शेडमध्ये रुळलं. मुंबईसारखी बाजारपेठ हाताशी, घाटाखाली मोकळी जमीन, भाताचा तूस अंथरायला फुकटासारखा. मुरबाड, शहापूर, कर्जत, पनवेल या पट्ट्यात शेड उभ्या राहिल्या. त्याच काळात खाडीपलीकडे सिडकोची नवी मुंबई वसत होती, आणि वाशी-नेरूळच्या रविवारच्या रस्सेदार जेवणाला गावठी कोंबडी पुरणार नव्हती. नंतर करार पद्धत आली: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, वीज, पाणी आणि राबणं शेतकऱ्याचं.

एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रॉयलरच्या पिवळ्या कातडीचं जनुक पाळीव कोंबडीत आलं ते राखी रानकोंबड्याकडून, असं 2008 मध्ये संशोधकांनी दाखवलं. तोच रानकोंबडा आजही सह्याद्रीच्या रानात आरवतो. मामाच्या शेडपासून तो घाट दिसायचा.

आता उन्हाकडे. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41-42 अंशांवर असतं आणि 46 च्या आसपास पोचलं की ती वाचत नाही. म्हणजे हाताशी चार-पाच अंशांचीच जागा. पहिल्या दिवशी पिलाला 32-33 अंशांची ऊब लागते, पण पाचव्या आठवड्यातल्या पक्ष्याला 20-24 अंश बरे वाटतात आणि तिशी ओलांडली की चोच उघडते.

शरीर दोन वाटा धरतं. पहिली म्हणजे रक्त कातडीकडे, तुऱ्याकडे, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीकडे, पायांकडे वळवायचं, म्हणजे उष्णता हवेत जाईल. त्यासाठी तिथल्या वाहिन्या सैल होतात. वाहिन्या सैल झाल्या की रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला काळजाला जास्त रक्त ढकलावं लागतं. हे रक्त येतं आतड्याच्या वाट्याचं. आतड्याला रक्त कमी पडलं की त्याचं अस्तर झिरपू लागतं आणि जंतूंची विषं रक्तात उतरतात.

दुसरी वाट धापेची. श्वास मिनिटाला 25-30 वरून दीडशेच्या पुढे जातो. श्वासमार्गातून पाणी उडतं, तेवढा गारवा मिळतो. पण या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं. पोटॅशियमही शरीराबाहेर जातं. हृदयाचा ठोका ज्या क्षारांच्या आत-बाहेर जाण्यावर चालतो, नेमके तेच बिघडतात. शिवाय धाप टाकणं हेही श्रमच. ते स्नायूही उष्णता निर्माण करतात. हृदयाच्या पेशींमध्ये उष्णतेने प्रथिनं विस्कटतात. त्यांना सावरणारी रक्षक प्रथिनं पेशी तातडीने बनवतात, पण ऊन लांबलं तर ती पुरत नाहीत. पेशी फुटल्याची खूण रक्तातल्या काही विकरांच्या (एन्झाइमच्या) वाढीत दिसते. बाहेरून आपल्याला इतकंच दिसतं: पक्षी पाय फाकवून, पंख सोडून बसतो, मान लांब करतो, आणि कुणी घाईने शेडमध्ये शिरलं की दचकून फडफडतो आणि तिथेच आडवा होतो. चिरल्यावर छातीचं मांस शिजल्यासारखं फिकट निघतं.

कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात अँड्र्यू ऑलकॉव्स्की यांनी जिवंत ब्रॉयलरच्या हृदयाचे आलेख काढले, तेव्हा वरून धडधाकट दिसणाऱ्या, पोटभर खाऊन वेगाने वाढणाऱ्या पक्ष्यांमध्येही ठोक्यांचा ताल बिघडलेला आढळला. सावकाश वाढणाऱ्यांत असं क्वचितच होतं. मामाच्या एका जुन्या तक्रारीचा अर्थ मला तिथे लागला: ‘जातो तो नेहमी चांगला पक्षीच.’ सर्वांत वजनदार पक्षी, म्हणजे सर्वांत जास्त उष्णता तयार करणारा, वजनाच्या मानाने कातडी सर्वांत कमी असलेला, आणि आधीच तालात अडखळणारं काळीज असलेला.

ठाणे-नवी मुंबईच्या उन्हाचा स्वभावही वेगळा आहे. मैदानी भागात पारा 40 अंशांवर गेल्याशिवाय हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. किनाऱ्यावर मात्र 37 अंश आणि सरासरीहून साडेचार अंशांची वाढ पुरते. कारण दमटपणा. तापमापकाच्या पाऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजलं, तर 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत ते साधारण 23 अंश दाखवतं. 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत साडेसत्तावीस. पाणी उडून मिळणारा गारवा या आकड्याखाली जाऊच शकत नाही. खारघरच्या मैदानावर 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात बसलेल्या 14 माणसांचा उष्माघाताने जीव गेला, तेव्हा पारा 38 च्या आसपासच होता. माणसाकडे निदान घाम आहे. ज्या पक्ष्याकडे फक्त ओला श्वास आहे, त्याच्यासाठी देशावरचे 40 अंश एक वेळ परवडतात, आपले 34 नाहीत. गोणपाट भिजवून लावणं, फॉगर म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र चालवणं हे उपाय देशावर जेवढे लागू पडतात तेवढे इथे पडत नाहीत. वारा हलला नाही तर फॉगर उलट शेडची वाफ करतो. माझ्या मते इथल्या शेतकऱ्याने पहिला पैसा पंख्यावर घालावा, आणि पंख्याच्याही आधी वीज गेली तर काय, यावर.

उपायांचाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये रॉबर्ट टीटर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये धापेमुळे रक्त अल्कधर्मी होतं याकडे लक्ष वेधून नवसागर आणि खाण्याचा सोडा देऊन पाहिला आणि वजनात सुधारणा मिळवली. आज मेडिकलमधून आणलेली इलेक्ट्रोलाइटची पुडी पाण्यात टाकतो, ती या विचाराची वंशज. इस्राएलमध्ये श्लोमो याहव यांनी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिलांना एक दिवस मुद्दाम जास्त उष्णता दिली. पुढे मोठेपणी अचानक ऊन वाढलं तेव्हा ती अधिक तगली. दुपारी खाद्य वर उचलण्याची पद्धत तर सर्वांत स्वस्त: खाल्लेलं पचवताना शरीर उष्णता तयार करतं आणि ती काही तास टिकते, म्हणून सकाळी दहापासून ऊन कलेपर्यंत भांडी रिकामी ठेवायची आणि पहाटे गारव्यात खाऊ द्यायचं. पाणी मात्र एक क्षणही तोडायचं नाही, आणि छपरावरच्या काळ्या टाकीतलं कढत पाणी तर पाजायचंच नाही.

एवढं सांभाळूनही शेवटचे काही तास शेतकऱ्याच्या हातात नसतात. मुरबाडहून निघालेला टेम्पो कल्याण, शीळफाटा, महापे करत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागतो. जाळ्यांत दाटीने बसलेल्या पक्ष्यांना पंखा म्हणजे चालत्या गाडीचा वारा, एवढंच. शीळफाट्याला ट्रक अडले की तो वारा थांबतो, आणि मधल्या थरातल्या जाळ्या सर्वांत आधी तापतात. म्हणून जाणते ड्रायव्हर रात्री दोनला भरतात आणि उजाडायच्या आत तुर्भ्याला पोचतात. कधी उशीर झालाच तर सोबत पाण्याचा कॅन असतो, पण ते उभ्या गाडीवर पाणी मारत नाहीत. थांबलेल्या जाळ्यांत ओल कोंडली की पक्षी आणखी लवकर जातो. आधी गाडी हलली पाहिजे, मग पाणी.