कुत्रा थबकला की तिकडे पाहा

परसातले पक्षी-प्राणी न्याहाळायचे असतील तर आधी कुत्र्याला घरात बांधा, असा सल्ला सर्रास मिळतो. त्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे येतोच. पण पट्टा लावून शेजारी बसवलेला कुत्रा आपल्याला एरवी पत्ताही न लागणाऱ्या कितीतरी गोष्टी दाखवून देतो. त्यासाठी झाडाझुडपांइतकंच कुत्र्याकडेही लक्ष ठेवावं लागतं. माझं मत विचाराल तर या कामाला जरा वय झालेला, आळशी कुत्रा उत्तम.

सुरुवात अर्थातच नाकापासून. वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात 50-60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार काही कोटी. पण नुसत्या संख्येने सगळं उलगडत नाही. कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हुंगतो. आत आलेल्या हवेच्या दोन वाटा होतात. एक फुप्फुसांकडे जाते, दुसरी नाकाच्या मागच्या भागात, जिथे वास ओळखणाऱ्या पेशी दाटीने बसलेल्या असतात. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून मागे फेकला जातो, त्यामुळे जमिनीवरचा वास समोरून उधळला जात नाही.

याचा उपयोग किती बारीक असतो ते 1993 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवलं. माणूस चालून गेल्यावर सुमारे 20 मिनिटांनी त्यांनी माग काढायला शिकवलेले जर्मन शेफर्ड त्या वाटेवर आडवे आणले. माणूस कुठल्या दिशेला गेला, हे त्या कुत्र्यांनी दोन ते पाच पावलं हुंगून ठरवलं. दोन पावलांमध्ये वेळेचं अंतर जेमतेम सेकंदाचं, म्हणजे वासातला फरक किती सूक्ष्म असेल बघा! परसात सकाळी कुत्रा एका जागी इकडून तिकडे हुंगतो आणि मग एकाच दिशेने ओढ घेतो, तेव्हा बहुधा असंच काही चाललेलं असतं. अशा वेळी पट्टा न खेचता त्याच्या मागे सावकाश जावं. कुंपणाखालचं बीळ, ताज्या लेंड्या, कुरतडलेल्या बिया असं काहीतरी हाती लागतं आणि रात्री कोण येऊन गेलं याचा अंदाज बांधता येतो.

कानांचं राज्य वेगळं. आपल्याला फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45 हजारांपर्यंत. घाबरलेला उंदीर साधारण 22 हजार हर्ट्झचा आवाज काढतो. आपल्याला तिथे शांतताच असते, कुत्रा मात्र पालापाचोळ्याच्या ढिगाकडे मान वाकडी करून उभा राहतो. बऱ्याच वटवाघळांच्या हाकाही याच पट्ट्यात सुरू होतात. तिन्हीसांजेला कुत्रा रिकाम्या आभाळाकडे कान टवकारून बघू लागला तर आपणही जरा वर पाहावं.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण वरचढ आहोत. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे लाल आणि हिरवा यांत त्याचा गोंधळ होतो. हिरव्या पानांतलं लाल फळ किंवा गप्प बसलेला पक्षी त्याच्या नजरेतून सहज निसटतो. हालचाल मात्र तो चटकन टिपतो. खार जागच्या जागी थिजते ती उगाच नव्हे.

एक गंमत आवर्जून पाहण्यासारखी आहे. कुत्रा झुडपाकडे बघतो, मग आपल्याकडे, पुन्हा झुडपाकडे. हंगेरीचे आदाम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली याचा अभ्यास केला. खाऊ कुठे लपवलाय हे कुत्र्याला माहीत आणि मालकाला माहीत नाही, अशा वेळी कुत्रा मालक आणि ती जागा यांच्यात नजर फिरवत राहतो. माणसांनी वाढवलेले लांडगे अडचणीत असे माणसाच्या तोंडाकडे फारसे बघत नाहीत, हेही याच गटाने पुढे दाखवलं.

आता त्या सल्ल्याकडे. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्ट्याला बांधलेला कुत्रा नेल्यावर पक्ष्यांच्या जातींची विविधता 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी घटलेली आढळली. कुत्र्यांची रोजची ये-जा असलेल्या वाटांवरही पक्षी सरावलेले नव्हते. म्हणून परसात कुत्र्याला घेऊन फिरण्यापेक्षा एका कोपऱ्यात बसणं बरं. घरट्यांच्या दिवसांत आणि उडायला शिकणारी पिल्लं खाली उतरलेली असताना तर त्याला आतच ठेवावं. बेडकांपासूनही दूर ठेवलेलं चांगलं, काहींच्या कातडीतलं विष तोंडात गेलं की कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो आणि प्रकरण गंभीरही होऊ शकतं.

एक धोका मात्र कुत्रा घरात असला तरी टळत नाही. कुत्र्याचे विंचरलेले केस पक्ष्यांना घरट्यासाठी उपयोगी पडतील म्हणून अनेक जण ते झुडपांवर अडकवून ठेवतात. ब्रिटनमध्ये टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांनी प्राण्यांच्या केसांचं अस्तर लावलेल्या घरट्यांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या प्रत्येक घरट्यात फिप्रोनिल सापडलं, म्हणजे पिसवा-गोचिडांवर वापरलं जाणारं कीटकनाशक. ज्या घरट्यांत अशा रसायनांचं प्रमाण जास्त होतं, तिथे न उबलेली अंडी आणि मेलेली पिल्लंही जास्त होती. कुत्र्याला असं औषध लावत असाल तर विंचरलेले केस सरळ कचऱ्यात टाका.