दुर्बीण घातल्याने कॅन्सर पसरत नाही

"गाठीला हात लावला की कॅन्सर पसरतो" हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी श्वासनळीतल्या कॅन्सरच्या गाठीने धाप लागलेला रुग्ण घरीच गुदमरत राहतो. दुर्बिणीतून ही गाठ काढल्याने आजार बरा होत नाही. श्वासाची वाट मोकळी होते. पूर्ण भूल देऊन श्वासनळीत दुर्बिणीची ताठ नळी घालतात, तिच्या तिरक्या टोकाने गाठ खरवडतात, तुकडे चिमट्याने ओढून काढतात. गाठ जाळायला लेसर वापरताना रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन ४० टक्क्यांखाली हवाच, नाहीतर श्वासनळीत आग लागू शकते. गाठ श्वासनळीला बाहेरून दाबत असेल तर खरवडायला आत काहीच नसतं. तिथे स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरून ठेवणारी छोटी नळी, लागतो. सिलिकॉनचा स्टेंट कधी सरकतो, कधी चिकट कफाने तुंबतो, म्हणून खोकला वा धाप वाढली की लगेच तपासणी. वाट बंद झाल्याने मिटलेलं फुप्फुस कित्येक आठवडे तसंच राहिलं, तर वाट उघडूनही फुगेलच असं नाही.