आरटीईच्या मुलांची फी आपण भरतो का?

शाळेच्या गेटवर, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘पंचवीस टक्केवाल्यांचा खर्च आपल्या फीमधून जातो.’ कायदा तसं सांगत नाही.

शिक्षण हक्क कायदा (आरटीई), 2009 चं कलम 12 वाचा. विनाअनुदानित शाळेने प्रवेशवर्गातल्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. त्या बदल्यात सरकार शाळेला पैसे देतं: सरकारचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम. महाराष्ट्रात काही वर्षं सरकारच्या खर्चाचा हा आकडा दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 17,670 रुपये होता. सवलतीत जमीन घेऊन मोफत जागांची हमी आधीच दिलेल्या शाळांना तेवढ्या जागांचे पैसे मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सरकारकडून मिळणारी ही भरपाई, म्हणजे प्रतिपूर्ती, थकते, महागड्या शाळेत ती फीपेक्षा कमी पडते, हे खरं. पण तो हिशोब शाळेने सरकारकडे मागायचा. वर्गातल्या सहा वर्षांच्या पोरीला त्यावरून ऐकवायचं नाही. तिच्या आईला गणवेश, व्हॅन, ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ यांसाठी पदरमोड करावी लागते ती वेगळीच. आठवीनंतर तर कायद्याचं संरक्षणच संपतं आणि नववीत पूर्ण फीची पावती हातात येते.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या 25 टक्के जागांच्या अटीतून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.